काडीमाणूस राहिला की हो!

फ्लॅश, म्हणजे संगणकावर हलती चित्रं बनवायचं अडोबी कंपनीचं सॉफ्टवेअर. त्यात केलेल्या जुन्या अ‍ॅनिमेशनची एक यादी वाचताना कॉलेजचे दिवस आठवले. पण त्या यादीत २००६ सालचं अ‍ॅलन बेकर यांचं ‘अ‍ॅनिमेटर व्हर्सेस अ‍ॅनिमेशन’ राहिलंच! फ्लॅशच्या कोऱ्या पानावर काढलेला काडीमाणूस जिवंत होतो आणि त्याला काढणाऱ्यावरच उलटतो. चित्रकाराकडे हत्यार म्हणून काय, तर माउसचा बाण. ज्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र काढलं, त्याचीच खिडकी म्हणजे रणांगण! ही कल्पना मला आजही तितकीच अफाट वाटते. चार रेघा आणि एक गोल, चेहरासुद्धा नाही, तरी त्याचा राग कळतो.

३१ डिसेंबर २०२० नंतर अडोबीने फ्लॅशला साथ देणं थांबवलं, तेव्हा वाटलं, आता हा खजिना बुडाला. पण जुन्या फ्लॅश फाइल चालवणाऱ्या ‘रफल’ नावाच्या मोफत प्रोग्रॅममुळे इंटरनेट अर्काइव्ह या जुनं डिजिटल साहित्य जपणाऱ्या संकेतस्थळावर अशी कितीतरी अ‍ॅनिमेशन ब्राउझरमध्येच चालतात. जरूर बघा.

एक कळकळीची विनंती. असं काही पुढे पाठवताना कोपऱ्यातलं कलाकाराचं नाव कापू नका. माझ्या पुतणीने आठवडाभर खपून केलेलं सहा सेकंदांचं मांजर तिलाच एका ग्रुपवर बिननावाचं परत आलं. फार रडली हो पोर.