पॅनेल बसलेत, मीटर कुठंय?

गेल्या उन्हाळ्यात एका निवृत्त गुरुजींच्या घरावर तीन किलोवॅटची सोलर सिस्टीम बसवली. काम दोन दिवसांत संपलं. पहिल्या दिवशी स्ट्रक्चर उभं केलं आणि अर्थिंगचे खड्डे घेतले, दुसऱ्या दिवशी पॅनेल, केबल, इन्व्हर्टर. संध्याकाळी काकूंनी माझ्या कामावरच्या पोरांना पोहे केले आणि पहिल्या पॅनेलच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावलं. मी खाली येऊन इन्व्हर्टरशेजारच्या पेटीतला एमसीबी, म्हणजे सोलरची वीज घराला जोडणारा खटका, खाली पाडला आणि गुरुजींना सांगितलं, नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर, बसेपर्यंत हा वर करायचा नाही. जुन्या मीटरमधून वीज उलटी बाहेर गेली तर काही मीटर तीसुद्धा वापर म्हणूनच मोजतात, म्हणजे स्वतःच्याच विजेचं बिल स्वतःला.

तो एमसीबी ८१ दिवस खाली राहिला.

या ८१ दिवसांत गुरुजी रोज सकाळी सहाला गच्चीवर जाऊन ओल्या फडक्याने पॅनेल पुसायचे. मी म्हटलं, गुरुजी, अजून चालू नाही, कशाला त्रास घेता? तर म्हणाले, "ताई, धूळ बसू द्यायची नाही. सवय पाहिजे." बँकेचा हप्ता सुरू झाला होता. मे महिन्याचं बिल कूलर-पंख्यासकट पूर्ण आलं होतं. माणूस एकदाही चढ्या आवाजात बोलला नाही. दर सोमवारी फोन यायचा, "ताई, काही कळलं का?" आणि माझ्याकडे सांगायला काही नसायचं. तीन किलोवॅटची सिस्टीम उन्हाळ्यात दिवसाला साधारण १२ युनिट देते. ८१ दिवसांचे झाले हजाराच्या जवळपास. एवढं ऊन त्या गच्चीवर पडलं आणि तसंच गेलं.

मी नऊ वर्षं हे काम करते आहे. छोटी विक्रेती आहे, सहा पोरं माझ्याकडे कामाला आहेत. सोलरबद्दल जे लिहिलं जातं त्यात पॅनेलची किंमत असते, सबसिडी असते, पर्यावरण असतं. आमच्या धंद्याचा जीव जिथे जातो त्या जागेबद्दल कुणी लिहीत नाही. ती जागा म्हणजे पॅनेल बसल्यापासून मीटर लागेपर्यंतचा काळ. माझं ठाम मत आहे की सरकारने सबसिडीत आणखी एक रुपया वाढवला नाही तरी चालेल, पण हा काळ बांधून द्यावा.

योजना चांगली आहे, हे आधी स्पष्ट सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर आली, एक कोटी घरांचं उद्दिष्ट, ७५,०२१ कोटींची तरतूद. सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे तीन किलोवॅटला ७८ हजार. यापूर्वी २०२२ पर्यंत देशातल्या छतांवर ४० गिगावॅट करायचं ठरवलं होतं आणि आपण निम्म्याच्याही जवळ गेलो नव्हतो. आता खेड्यातला माणूससुद्धा आपणहून विचारत येतो. साताऱ्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, नागपूर जिल्हा तर घरगुती सोलरमध्ये राज्यात पुढे आहे. मागणी नाही असं आता कुणी म्हणू शकत नाही.

नियमही चांगले आहेत. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या केंद्रीय नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीने १० किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायचा आहे. ५ किलोवॅटपर्यंत लाइन सक्षम करायचा खर्च वीज कंपनीनेच करायचा आहे. काम झाल्यानंतर मीटर लावून सिस्टीम चालू करण्याची मुदत ३० दिवसांवरून १५ वर आणली आहे. गुरुजींची फाइल याच १५ दिवसांच्या मुदतीतली होती. आधी मीटर स्टॉकमध्ये नव्हते. मग मीटर आले, पण टेस्टिंगला पडून होते. मग टेस्टिंग झालं तर साहेब रजेवर. मग अर्जावरचं आडनाव आणि बिलावरचं आडनाव यात एका वेलांटीचा फरक निघाला. यातली एकही गोष्ट कुणी मुद्दाम केली असं मला म्हणायचं नाही. त्या कार्यालयातला वायरमन स्वतः तीन गावं सांभाळतो आणि पावसाळ्यात रात्री खांबावर चढतो, हे मला माहीत आहे. पण उशीर झाला म्हणून कुणाचंच काही अडत नव्हतं. अडत होतं फक्त गुरुजींचं आणि माझं.

माझं कसं, ते सांगते. पूर्वी सबसिडी विक्रेत्यामार्फत वळती व्हायची, आता ती थेट ग्राहकाच्या खात्यात जाते. हे योग्यच आहे, पूर्वीच्या पद्धतीत गैरप्रकारांना वाव होता. पण घरमालक साहजिकच म्हणतो, "सबसिडी आली की उरलेले देतो." सबसिडी येते सिस्टीम चालू झाल्यावर, आणि सिस्टीम चालू होते मीटर लागल्यावर. इकडे पॅनेलच्या डीलरला मी माल उचलतानाच पैसे मोजलेले असतात. सबसिडीसाठी आतल्या सौर सेलसकट देशी बनावटीचं पॅनेलच लागतं, ते साध्या पॅनेलपेक्षा महाग पडतं आणि हंगामात मिळता मिळत नाही. स्ट्रक्चरवाल्याची उधारी महिन्याची. पोरांचा पगार एक तारखेला. गेल्या जूनमध्ये माझ्या अशा अकरा फायली अडकल्या होत्या, प्रत्येकीत साठ-सत्तर हजार. सात लाख रुपये दुसऱ्यांच्या गच्चीवर उन्हात पडलेले, आणि मी आईच्या पाटल्या गहाण ठेवून पगार केले. मोठ्या कंपन्यांना बँक उभं करते. आमच्यासारख्यांना बँक विचारते, तारण काय?

यातूनच वाईट कामं जन्माला येतात, हे लोकांनी समजून घ्यावं. पैसा अडकला की माणूस स्ट्रक्चरच्या पाइपची जाडी कमी करतो, अर्थिंगला तांब्याऐवजी काहीतरी लावतो. वळवाच्या वाऱ्यात उडून शेजारच्या पत्र्यावर पडलेलं एक स्ट्रक्चर मी पाहिलं आहे. चार बोल्टवर उभं होतं ते. खाली लहान मुलं खेळतात हो.

कागदांचंही एक सांगते. आपल्याकडे घर वडिलांचं, बिल आजोबांच्या नावावर आणि बँक खातं मुलाचं. आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली तरी दर महिन्याला बिल त्यांच्या नावाने येतं आणि निमूट भरलं जातं. सोलर करायचं म्हटलं की पहिल्यांदा मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, नावात बदल. चुलते पुण्यात, आत्या मुंबईत, सह्या गोळा करता करता दिवाळी येते. राहत्या घराचा मालमत्ता कर जो भरतो त्याला स्वयंघोषणेवर अर्ज करता आला आणि नावबदल मागून झाला, तर निम्मी गर्दी हटेल.

डीपीचा, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचा, प्रश्न मात्र खरा तांत्रिक आहे आणि तो वाढणार आहे. लाइनच्या टोकाला एकाच डीपीवर आठ-दहा घरांनी सोलर बसवलं की भर दुपारी, घरोघरी वापर कमी असताना, व्होल्टेज चढतं. २५५, २६० दिसायला लागलं की इन्व्हर्टर स्वतःच बंद पडतो, सुरक्षेसाठी तो तसाच बनवलेला असतो. म्हणजे ऊन सगळ्यात कडक तेव्हाच सिस्टीम बंद. ग्राहक मला फोन करतो, तुमचा इन्व्हर्टर खराब आहे. मी मल्टीमीटर लावून दाखवते, ते बिचारे आकड्याकडे बघतात आणि विचारतात, मग आता? कुठल्या डीपीवर किती सोलर जोडलं आहे आणि किती जागा उरली आहे, हे उघड दिसलं पाहिजे. मी आधीच सांगेन ना माणसाला.

वीज कंपनीची बाजूही मी नाकारत नाही. सोलर आधी तेच बसवतात ज्यांचं बिल मोठं असतं. त्याच मोठ्या बिलांच्या जिवावर शेतीपंपांची आणि गरीब घरांची वीज स्वस्त राहते. दुपारी आम्ही वीज देतो आणि संध्याकाळी सातला सगळे एकदम मागतो, तेव्हा ती कुठून तरी विकत आणावीच लागते. ही अडचण खोटी नाही. पण तिचं उत्तर वीज नियामक आयोगापुढे मांडलेल्या हिशेबात, डीपीजवळच्या बॅटरीत शोधावं. फाइल टेबलावर पडून राहणं हे त्याचं उत्तर नाही. आणि एकदा उत्तर ठरलं की ते टिकावं. २०२१ मध्ये सोलरच्या सामानावरचा जीएसटी पाच टक्क्यांचा बारा झाला, २०२५ मध्ये बाराचा पाच. त्याच वर्षीच्या सुरुवातीला वीजदराची सुनावणी चालू असताना बातमी फिरली की दिवसाची वीज आता रात्रीच्या वापरातून वजा होणार नाही. माझे सात ग्राहक तिथल्या तिथे थांबले. माणूस २५ वर्षांच्या वस्तूत आयुष्याची पुंजी घालतो. ज्या नियमाने त्याची जोडणी झाली तो नियम निदान कर्ज फिटेपर्यंत त्याच्या छताला लागू राहील, एवढं लेखी द्या.

भरपाईचंही तसंच. मुदत उलटली तर ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद आहे, पण प्रत्यक्षात ती मागायला त्यानेच अर्ज करायचा आणि त्याच कार्यालयाच्या पायऱ्या पुन्हा चढायच्या. सोळाव्या दिवसापासून ती आपोआप बिलातून वजा होऊ लागली तर मीटर स्टॉकमध्ये का नाहीत हे वरचे साहेब खालच्यांना स्वतः विचारतील. आणि कर्जाची मूळ रक्कम बँकेने काम झाल्या दिवशी थेट विक्रेत्याला द्यावी, सबसिडी आली की ती कर्जखात्यात जमा करून घ्यावी. यात सरकारचा जादा पैसा जात नाही.

फ्लॅटवाल्यांबद्दल दोनच ओळी. सोसायटीला सामायिक विजेसाठी किलोवॅटला १८ हजार मिळतात, त्यातून लिफ्ट आणि पाण्याची मोटर चालते, पण घराघरातलं बिल तसंच राहतं. दिल्लीने २०१९ मध्येच एका छतावरची वीज अनेक घरांच्या बिलात वाटून देण्याची सोय केली. कौलाच्या घरात राहणाऱ्यालाही, ज्याला स्लॅबच नाही, हीच वाट उपयोगी पडेल.

गुरुजींचं मीटर जुलैत लागलं, आभाळ भरून आलेलं होतं. एमसीबी त्यांनीच वर केला. इन्व्हर्टरच्या पडद्यावर ३१० वॅट उमटले. काकू म्हणाल्या, "एवढंच?" मी म्हटलं, काकू, ढग जाऊ द्या.

आज माझ्याकडे चार फायली थांबल्या आहेत. त्यातली एक एका विधवा बाईंची आहे, बिल अजून यजमानांच्या नावावर. दाखल्याची प्रत मिळाली आहे. सकाळी दहाला त्यांना घेऊन कार्यालयात जाते आहे.