टाके खरे की दिखाऊ?

जुन्या धाटणीचे कामाचे बूट घेताना जाडी आणि वजन बघा, असं एका लेखात वाचलं. जाडीचं पटलं. वजनाचं नाही, स्वस्तातला रबरी सोलही चिक्कार जड असतो. मी दुकानात बूट आधी उलटा करतो, टाके खरे आहेत का ते बघायला. ‘गुडइयर वेल्ट’ या बूट शिवायच्या पद्धतीत वरचं चामडं, आतला सोल आणि कडेची पट्टी एकत्र शिवतात. खालचा सोल मग त्या पट्टीला वेगळा शिवला जातो. म्हणून तो झिजला की तेवढाच उसवून बदलता येतो. हल्ली कित्येक बुटांना कडेला शोभेचे टाके आणि खाली निव्वळ गोंद! पट्टीवरची शिवण बहुधा तळाशीही दिसते, तेवढं बघा.

चामडं अंगठ्याने दाबा. बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पडल्या तर बरं. प्लॅस्टिकसारखं गुळगुळीत राहिलं तर वर रंगाचा थर आहे समजा, मग आत ‘जेन्युइन लेदर’चा शिक्का असो नसो.

आणखी एक, अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या रेड विंग या बूट कंपनीचा ‘आयर्न रेंजर’ हा बूट तिथल्या लोहखाणींतल्या कामगारांच्या नावाचा. पण त्याच्या टोकाला चामड्याचा दुहेरी थर असतो, पोलाद नव्हे. कारखान्यात सेफ्टी शूज म्हणून तो चालणार नाही.