कॉलनीच्या उद्यानाचा इतिहास लिहिणाऱ्यांस सूचना

कॉलनीतल्या उद्यानाला पंचवीस वर्षं झाली, स्मरणिका काढायचं ठरलं आणि ‘तुमचं मराठी चांगलं आहे’ म्हणत ते काम तुमच्या गळ्यात मारलं, तर घाबरू नका. पहिलं वाक्य तयारच आहे: मुघल काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. वाक्य खरं आहे, कुणाला दुखवत नाही आणि निम्मा परिच्छेद भरून निघतो. पुढे थेट उद्यानाच्या गेटवर या. मधली शतकं कुणी मागत नाही.

गेटवर येताना पाण्याची बाटली, जुनं फडकं, टॉर्च आणि थोडी टाल्कम पावडर आणा. तुमचं मुख्य साधन म्हणजे कोनशिला. काळ्या ग्रॅनाइटवर अक्षरं कोरून त्यांत सोनेरी रंग भरतात. काही पावसाळ्यांत रंग उडतो आणि उरते ती काळ्यावर काळी अक्षरं. शिळा धुवा, पूर्ण वाळू द्या, मग पावडर चोळून हलक्या हाताने पुसा. खाचांत पांढरं अडकतं. तरीही लागलं नाही, तर टॉर्च समोरून न धरता कडेने तिरका धरा. भूमिपूजन, लोकार्पण, सुशोभीकरण, नूतनीकरण, नामकरण अशी वंशावळ हाती येईल. एखादी शिळा भिंतीपासून जरा जास्तच पुढे आलेली दिसली, तर तिच्यामागे आधीची आहे असं समजा. स्क्रू काढू नका. कार्यक्रमाला दोन्ही पक्षांचे लोक येणार आहेत. पहिली झाडं कुणी लावली, हे शिळेवर शोधत बसू नका. माळ्याचं नाव ग्रॅनाइटला चालत नाही.

जागेचा विषय दोन ओळींत उरका. ‘महापालिकेने उपलब्ध करून दिलेल्या जागेवर’ असं लिहायची पद्धत आहे. पण ती ले-आउटमधली खुली जागा असेल, तर तिचे पैसे प्लॉट घेणाऱ्यांनीच भरलेले असतात. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, आणि बिल्डर ती काही खिशातून सोडत नाही. शेजारच्या ‘नियोजित उद्याना’वर अपार्टमेंट कसं उभं राहिलं, असं कुणी विचारलं तर एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम १२७ तुम्हाला ठाऊक असू द्या. शहराचा विकास आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत उद्यानासाठी राखलेली जागा संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत हालचाल झाली नाही की आरक्षण उठतं. ठाऊक असू द्या, लिहू नका. त्याच अपार्टमेंटची जाहिरात स्मरणिकेच्या मलपृष्ठावर घ्यायची आहे.

हिरवळीवर मात्र सढळ हाताने लिहा, कारण ती आता फक्त लिहिण्यातच उरलेली असेल. ‘लोकार्पणाच्या दिवशी मखमली लॉन’ असं म्हणा. हिशेब देऊ नका. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज ५ लिटर पाणी धरलं, तरी १००० चौरस मीटर लॉनला ५००० लिटर, म्हणजे मोठ्या टँकरमधलं निम्मं पाणी रोज लागतं. बोअरला एप्रिलमध्ये हवा येते, जमिनीलगतचे स्प्रिंकलर गवत कापायच्या मशीनने केव्हाच तोडलेले असतात. आधी लव्हाळा येतो, मग गाजरगवत, मग पेव्हर ब्लॉक. शेवटच्या अवस्थेला सुशोभीकरण म्हणतात.

पेव्हरच्या लाटांबद्दल वाचक विचारतील. नाशिकच्या काळ्या मातीला दोष द्या. अर्धं खरंच आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून ती आधी खणून काढायची, मुरूम थराथराने पाणी मारून दाबायचा, त्यावर ३० ते ५० मिलिमीटर कच, म्हणजे दगडाचा चुरा, पसरून ६० मिलिमीटरचे ब्लॉक बसवायचे, आणि कडेला पक्का कर्ब, म्हणजे काठाचा दगड, लावायचा, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकतात. मुरूम ब्लॉकखाली जातो, दिसत नाही. जे दिसत नाही ते काम पहिलं वाचवतात. झाडांच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक भिडवले असतील तर ‘स्वच्छ परिसर’ असा उल्लेख करा. मुळांना पाणी-हवा न मिळालेला गुलमोहर वळवाच्या वाऱ्यात आडवा झाला, की ‘वादळात झाड कोसळले’ एवढं पुरतं. ट्री-गार्डची लोखंडी कडी सालीत रुतून बसली असेल, तर तिचा फोटो छापू नका. झाडाने कडी गिळलेली असते. दाढेत सुपारी अडकावी तशी.

खेळणी: झोक्याचा फोटो लांबून घ्या. जवळून घेतला तर वरच्या आकड्यात बसणारी साखळीची कडी निम्मी झिजलेली दिसेल. साखळी तुटते ती तिथेच, मुलाच्या हाताशी नाही. झोक्याखाली वाळू हवी होती, तिथे काँक्रीट आहे. ते हिरव्या रंगाने रंगवलं आहे असं आवर्जून लिहा.

खुल्या व्यायामशाळेवर एकच ओळ: ग्रीसअभावी ती खरोखरच व्यायाम देते.

वाचनालय, विरंगुळा केंद्र आणि सभामंडप यांना स्वतंत्र पान द्या. खुल्या जागेत १५ टक्के बांधकाम चालतं, तळमजल्यावर १० आणि वर ५. तिन्ही वास्तूंनी हा नियम वेगवेगळा पाळलेला असतो.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले. त्यानंतरच्या शिळा कमी सापडल्या, तर त्या काळाला ‘संक्रमणकाळ’ म्हणा आणि पुढे चला.

रौप्यमहोत्सवी शिळेसाठी गेटच्या भिंतीवर जागा नसल्याचं बैठकीत कळेल. शौचालयाची दर्शनी भिंत सुचवा. उद्घाटनापासून त्याला कुलूप आहे, त्यामुळे शिळेपुढे कुणी घाईत उभं राहणार नाही.