समुद्राला चाललं म्हणून कृष्णेला चालेल?

‘कृपया सर्वांनी वाचा’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज सध्या सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला. शेवटी आमच्या दाजींनीच घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा गप्प बसवेना. मजकूर थोडक्यात असा: मुंबई रोजचं सांडपाणी समुद्रात सोडते, समुद्राचं काय वाकडं झालं? आपली कृष्णामाई तर वाहती नदी, दहा मैलांत पाणी आपोआप शुद्ध होतं. शुद्धीकरण केंद्रं म्हणजे ठेकेदारांची चराऊ कुरणं, तीही निम्मा वेळ बंद. त्यापेक्षा तेच पाणी थेट शेतीला द्या, फुकटचं खत मिळेल.

मी मूळचा मिरजेचा. किनारपट्टीवरच्या एका महापालिकेच्या एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर, 19 वर्षं केमिस्ट होतो. दाजींना एवढंच सांगतो की या मेसेजात एक गोष्ट खरी आहे, पण ती त्यांना वाटते ती नव्हे.

आधी समुद्र. मुंबईत वरळी आणि वांद्र्याचं सांडपाणी काठावरून ओतून देत नाहीत. जाळ्या लावून कचरा अडवायचा, वाळू खाली बसवायची आणि मग समुद्रतळाखालच्या बोगद्यातून साधारण साडेतीन किलोमीटर आत नेऊन सोडायचं, अशी ती रचना. तिथं खोली असते, दिवसातून दोनदा भरती-ओहोटी पाणी घुसळते, खारेपणा आणि ऊन जंतूंना फार काळ जगू देत नाहीत. म्हणूनच पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 मधली सर्वसाधारण मानकं समुद्राला आणि नदीला वेगवेगळी आहेत. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जंतू जेवढा प्राणवायू संपवतात ते माप. किनारी समुद्रात सोडायच्या पाण्याला ते लिटरमागे 100 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, नदी-तलावाला फक्त 30. समुद्राचा दाखला देऊन नदीत घाण सोडा म्हणणाऱ्यानं हा तक्ता पाहिलेलाच नाही.

आणि समुद्राचं काही वाकडं झालं नाही, हेही खरं नाही. तसं असतं तर मुंबई महापालिकेनं वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, वर्सोवा, घाटकोपर आणि भांडुप अशा सात ठिकाणी मिळून रोज 2,464 दशलक्ष लिटर क्षमतेची नवी केंद्रं बांधायला घेतली नसती. एकट्या वरळीचं 500 दशलक्ष लिटरचं आहे. किनारा नियमन क्षेत्रात प्रक्रिया न केलेलं पाणी सोडायला मुळात बंदीच आहे.

समुद्रकाठी केंद्र चालवणं सोपं असतं, असाही एक समज या मेसेजाच्या पोटात आहे. भरतीला गटारांच्या फटींतून खारं पाणी आत शिरतं. त्यातल्या सल्फेटवर जगणारे जंतू हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू, तयार करतात. त्यानं विजेच्या पॅनलमधलं तांबं काळं पडतं, काँक्रीट खाल्लं जातं. सीओडीच्या, म्हणजे रसायन वापरून घाण मोजायच्या, तपासणीत खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड घोटाळा करतं, म्हणून मर्क्युरिक सल्फेट मोजून घालावं लागतं, नाहीतर आकडा खोटाच वर जातो. भरती चढली की बाहेर सोडायचं पाणी अडतं. सांगलीच्या केंद्राला हा खाऱ्या पाण्याचा आणि भरतीचा त्रास नाही. आपलं दुखणं वेगळं आहे, आणि ते जास्त जड आहे.

आता कृष्णामाई. दाजी, जरा आकडेमोड करू. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या 5 लाखांच्या थोडी वर होती. माणशी रोज 135 लिटर पाणी धरलं आणि त्यातलं 80 टक्के गटारात येतं असं मानलं, तर रोजचं सांडपाणी झालं साधारण 54 दशलक्ष लिटर. कच्च्या सांडपाण्याचा बीओडी 200 धरू. म्हणजे ही घाण पचवायला रोज जवळजवळ 11 टन प्राणवायू लागणार.

नदीकडे किती आहे? समजा उन्हाळ्यात सेकंदाला 10 घनमीटर, म्हणजे साधारण 350 क्युसेक पाणी वाहतंय. दिवसाला ते 864 दशलक्ष लिटर. लिटरमागे 7 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू धरला, तर सगळा मिळून 6 टन. मागणी 11 ची, शिल्लक 6. हे सगळं एका दिवसात संपत नाही, हवेतून थोडा प्राणवायू परत मिसळतो, हे कबूल. पण माशांना निदान 4 मिलिग्रॅम तरी राहावा लागतो. मग खर्चायला उरतं किती ते तुम्हीच मोजा.

नदी स्वतःला सावरते, ही गोष्ट खोटी नाही. अमेरिकेतल्या ओहायो नदीवर अभ्यास करून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी 1925 मध्ये त्याचं गणितच मांडलं: घाण पडल्यावर प्राणवायू खाली जातो, तळ गाठतो आणि मग हळूहळू वर येतो. पण त्यासाठी पाणी पुढं वाहत राहायला हवं आणि वाटेत नवी घाण पडायला नको. आपल्याकडं उन्हाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पाणी अडवायच्या फळ्या बसवल्या की नदीचं होतं काय? एका मागोमाग एक डबकी. कोयनेतून पाणी सुटेपर्यंत ती तशीच उभी. आणि दहा मैल कुठले? सांगली सोडली की हरिपूर, मग मिरजेचा कृष्णाघाट. पुढं नरसोबाच्या वाडीला माणसं पहाटे त्याच पाण्यात डुबकी मारतात. म्हैसाळच्या उपसा योजनेतून तेच पाणी कवठेमहांकाळ-जतपर्यंत चढतं. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ मेलेल्या माशांचा खच तरंगत होता, तो या ग्रुपवरच्या निम्म्या लोकांनी स्वतः पाहिलाय, फोटोही काढलेत.

आता ती खरी गोष्ट: केंद्रं निम्मा वेळ बंद असतात. सगळी नाही, पण असतात. विजेच्या बिलातला मोठा वाटा ब्लोअरचा, म्हणजे टाकीत हवा फुंकणाऱ्या यंत्राचा, असतो, त्यामुळे रात्री ते बंद करायचा मोह ठेकेदाराला होतोच. आमच्याकडंही व्हायचा. सकाळी शिफ्टवर आलो की लॉगबुक उघडायच्या आधी मी एरेशन टँकवर, म्हणजे त्या हवेच्या टाकीवर, जायचो. चॉकलेटी रंग आणि पावसानंतरच्या मातीसारखा वास असला की रात्र नीट गेली म्हणायची. काळपट पाणी आणि कुजक्या अंड्याचा वास आला की वहीत काहीही लिहिलेलं असो. मग एक लिटरचं मोजायचं सिलिंडर टाकीतल्या पाण्यानं भरायचं आणि अर्धा तास थांबायचं: गाळ खाली नीट बसला, वरचं पाणी नितळ राहिलं, तर जंतू जिवंत आणि पोटभर आहेत. गाळ तरंगत राहिला तर बहुधा कुणीतरी हवा बंद केलेली. एकदा मी तसं लिहून दिलं, तर साहेबांनी मला महिनाभर स्टोअरला बसवलं. ती वेगळी कथा.

पण दाजी, केंद्र बंद ठेवतात म्हणून केंद्रच नको, हे म्हणजे एसटी वेळेवर येत नाही म्हणून रस्ताच उखडा म्हणण्यासारखं आहे. जलप्रदूषण कायदा 1974 चा. त्याखाली प्रत्येक केंद्राला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र घ्यावं लागतं, आणि किती पाणी, कुठं, कोणत्या मर्यादेत सोडायचं ते त्यात छापलेलं असतं. 2017 च्या केंद्रीय अधिसूचनेनं महानगरं सोडून इतर शहरांच्या एसटीपीला बीओडी 30 आणि 100 मिलिलिटरमागे विष्ठाजन्य जंतू 1,000 च्या आत अशी हद्द घातली. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं याहून कडक मर्यादा सांगितली, बीओडी 10.

शेतीला द्या, याला माझा विरोध नाही. सांगलीचं सांडपाणी कृष्णेत आणणाऱ्या शेरीनाल्याचं पाणी धुळगावकडं नेऊन शेतीला वापरायची योजना आपल्याकडचीच आहे. फक्त ‘थेट’ हा शब्द काढा. कच्च्या सांडपाण्यात जंतांची अंडी असतात. कोथिंबीर-मेथीच्या पानांवर ती चिकटली की घरात येतात, आणि वाफ्यात अनवाणी उभ्या राहणाऱ्या बाईच्या तळपायातून हुकवर्म शिरतो. प्रक्रिया केल्यावर नत्र-स्फुरद बरंचसं उरतंच, खताचं नुकसान फार नाही. सुरतेनं तर सांडपाणी पार धुऊन 2014 पासून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकलं, चेन्नईनं 2019 मध्ये तसेच दोन प्रकल्प सुरू केले. दोन्ही समुद्राजवळची शहरं बरं का.

मेसेजच्या शेवटी ‘दहा जणांना पाठवा’ असं आहे. दाजी, त्याऐवजी माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकू, मी लिहून देतो. तीन कागद मागायचे: संमतिपत्राची प्रत, गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं आणि ब्लोअरच्या अवर-मीटरची, म्हणजे तो किती तास चालला ते दाखवणाऱ्या मीटरची, नोंदवही. बिलातली युनिटं आणि मीटरचे तास जुळतात का, एवढंच बघायचं. रविवारी या, चहा पिता पिता होऊन जाईल.