जर्मनीतले कामगार घटले आणि फ्रान्स पुढे गेला? आकडे बघा जरा

सध्या एक ग्राफ सगळीकडे फिरतोय. जर्मनी आणि फ्रान्सच्या लेबर फोर्सच्या दोन रेघा, दोन्ही देशांचा १९९० चा आकडा १०० धरून सुरू, फ्रान्सची रेघ चढत वर आणि जर्मनीची खाली राहिलेली. सोबत मजकूर असा की जर्मनीत मुलंच होत नाहीत, तिथले कामगार तेव्हापासून घटतायत, फ्रान्स पुढे निघून गेला, आता जो जर्मनीला जाईल त्याला नोकरी नक्की. या शेवटच्या वाक्यावर भरवसा ठेवून आपल्याकडची पोरं क्लासची फी भरतायत, काहीजण कर्ज काढतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कामगार घटले हे साफ चूक आहे. १९९१ च्या आसपास जर्मनीचा लेबर फोर्स साधारण ४ कोटी होता, आज तो ४.४ ते ४.५ कोटी आहे. जन्मदर कमी आहे हे खरंच, पण लेबर फोर्स म्हणजे लोकसंख्या नव्हे, काम करणारे आणि काम शोधणारे एवढेच त्यात धरतात, आणि त्यात कोण येणार हे कायद्याने, पाळणाघरांनी, पेन्शनच्या नियमांनी बदलतं. जर्मनीत २०१३ पासून वर्षभराच्या मुलालाही पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, निवृत्तीचं वय २०१२ पासून हळूहळू ६५ वरून ६७ कडे चाललंय, २०११ ला पोलंड वगैरे देशांच्या लोकांना तिथल्या नोकऱ्यांचं दार पूर्ण उघडलं, मग सीरियातून, युक्रेनमधून माणसं आली. २००० साली ५५ ते ६४ वयातले दहापैकी चारसुद्धा काम करत नव्हते, आता सात करतात. जन्मदराने जे कमी झालं असतं ते इथून भरून निघालं.

आता फ्रान्स पुढे गेला म्हणतात ते. फ्रान्सचा लेबर फोर्स तेव्हा अडीच कोटींच्या आसपास, आता ३.१ कोटी किंवा थोडा जास्त. टक्केवारीत वाढ जर्मनीपेक्षा बरीच जास्त, त्याबद्दल वाद नाही, पण माणसं मोजली तर आजही सव्वा-दीड कोटींचा फरक आहे, तीस वर्षांत जेमतेम थोडासा कमी झालाय. दोघांना १०० वर आणून ठेवलं की हा फरक ग्राफमधून गायबच होतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की वरची रेघ म्हणजे मोठा देश. शिवाय जुन्या तक्त्यांत १९९० पर्यंत फक्त पश्चिम जर्मनी असते, त्यामुळे १९९० हे साल पाया म्हणून धरताना आधी कुठली जर्मनी मोजलीय ते बघायला हवं, हे ग्राफवर कुठेच लिहिलेलं नाही.

खाली कमेंटमध्ये २००५ चा दाखला देतात, तेव्हा जर्मनीत ५० लाख बेकार होते म्हणजे लेबर फोर्स कोसळलाच होता. अहो, काम शोधणारा बेकार माणूस लेबर फोर्समध्येच मोजला जातो! आणि त्या वर्षी बेकारभत्त्याच्या नव्या कायद्यामुळे (हार्ट्झ कायदा) सरकारी मदतीवरचे बरेच लोक बेकारांच्या नोंदीत आले, त्यानेही आकडा फुगला.

फ्रेंच लोक आळशी, ही टिप्पणी पण असतेच. फ्रान्समध्ये ६० ते ६४ वयातले दहापैकी चारच काम करतात, जर्मनीत सहाच्या वर, यामागे १९८२ ला राष्ट्राध्यक्ष मितराँच्या सरकारने निवृत्तीचं वय ६० वर आणलं तो इतिहास आहे. पण कामावर असलेला फ्रेंच माणूस वर्षाला सरासरी १५०० तास काम करतो आणि जर्मन माणूस १३५० च्याही आत, कारण जर्मनीत जवळपास निम्म्या बायका पार्ट टाइम करतात.

घट येणारच नाही असं माझं म्हणणं नाही. १९६४ ला जर्मनीत १३ लाखांवर मुलं जन्मली, ती पिढी २०३१ ला ६७ ची होईल, तेव्हा खरा ताण येईल. म्हणूनच जर्मनीने २०२४ ला भारतीयांसाठी कुशल कामगारांच्या व्हिसाची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेली, महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला. पण त्याच जर्मनीत ऑगस्ट २०२५ मध्ये ३० लाखांवर बेकार नोंदलेले होते. नर्सला तिथे भाषेची परीक्षा पास व्हावी लागते, आपल्या डिग्रीला तिथली मान्यता घ्यावी लागते, तोवर नर्स म्हणून काम करता येत नाही. फी भरण्याआधी आपल्या कामाला ती मान्यता लागते का, आणि लागत असेल तर भाषेची कुठली पातळी मागतात, एवढं तरी क्लासवाल्याकडून लेखी घ्या.