जास्तीचं झिंक ‘लघवीवाटे निघून जातं’? नाही हो

पावसाळा लागला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. डेंग्यू-सर्दीपासून वाचायचं तर झिंकची ५० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ, गणपतीपर्यंत. नैसर्गिक खनिजच ते, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं, किडनीला काही होत नाही. आमच्या परळच्या ग्रुपवरही आला, खाली हात जोडलेल्यांची रांग.

आधी लघवीचं बघू. शरीरातलं बहुतेक झिंक स्वादुपिंडाच्या आणि आतड्याच्या स्रावांतून शौचावाटे बाहेर पडतं. लघवीतून जातं ते अगदी थोडं. तेव्हा तांब्याभर पाणी प्यायलात म्हणून वरचं झिंक धुऊन निघणार नाही.

‘किडनीला काही होत नाही’ हेही सरसकट खरं नाही. एकदम प्रचंड डोस पोटात किंवा शिरेतून गेल्यावर किडनीचं काम थांबल्याच्या नोंदी आहेत. रोजच्या गोळ्यांचं म्हणाल, तर डोळ्यांच्या आजारावरच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात लोकांना वर्षानुवर्षं रोज ८० मिलिग्रॅम झिंक दिलं होतं. त्यातल्या ११.१ टक्क्यांना मूत्रमार्ग-जननेंद्रियांच्या तक्रारींसाठी इस्पितळात दाखल व्हावं लागलं. झिंक न घेणाऱ्यांत हे प्रमाण ७.६ टक्के होतं. यावरून ‘झिंकनं किडनी जाते’ असा उलटा मेसेज मात्र कुणी फिरवू नये, तेवढं यातून निघत नाही.

खरी चोरी वेगळीच होते, शरीरातल्या तांब्याची (कॉपरची). झिंक जास्त झालं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन भरपूर बनवतात. ते तांब्याला धरून ठेवतं, आणि त्या पेशी गळून पडल्या की तांबंही शौचावाटे जातं. विल्सनच्या आजारात तांबं साठतं, तिथे डॉक्टर याच गुणासाठी झिंक देतात. धडधाकट माणसानं महिनोन्‌महिने घेतलं तर रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी घटतात, पायांना मुंग्या येतात, तोल जातो. प्रतिकारशक्तीसाठी गोळी घ्यायची आणि पांढऱ्या पेशीच गमवायच्या! क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहू नका, या तपासणीत तांब्याचा पत्ताच लागत नाही.

आता हिशेब. रोजची शिफारस पुरुषांना १७ मिलिग्रॅम, बायकांना सुमारे १३. मोठ्यांसाठी वरची मर्यादा ४०. मेसेजवाले सांगतात १००. शिवाय पट्टीवर ‘झिंक सल्फेट २२० मिलिग्रॅम’ असेल तर त्यात प्रत्यक्ष झिंक साधारण ५०च असतं, तेव्हा केमिस्टला नेमकं तेच विचारा. मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर त्यातलंही धरा.

‘नैसर्गिक’ या शब्दावर वेळ घालवत नाही. शिसंही खाणीतूनच येतं.

डायलिसिसवरच्या माणसाला डॉक्टरांनी झिंक लिहून दिलं असेल तर ते या लेखामुळे बंद करू नका. अशा रुग्णांत ते बऱ्याचदा कमीच असतं. जुलाब झालेल्या पोराला १४ दिवस २० मिलिग्रॅम (सहा महिन्यांखालच्या बाळाला १०) दिलं जातं, तेही पूर्ण द्या.