गाडगेबाबांना कारभार कळत नव्हता, हे खरे नाही

दरवर्षी 20 डिसेंबरला पुण्यतिथीच्या दिवशी आणि 23 फेब्रुवारीला जयंतीच्या दिवशी आमच्या मूर्तिजापूर-दर्यापूर भागातल्या गावांमध्ये एक संदेश या मोबाईलवरून त्या मोबाईलवर जात असतो. त्याचा आशय असा की, गाडगेबाबा निरक्षर होते, त्यामुळे हिशेब आणि कारभार त्यांना कळत नव्हता. त्यांनी जन्मभर झाडू मारला आणि कीर्तन केले. धर्मशाळा व संस्था श्रीमंत भक्तांनी आणि शिष्यांनी उभ्या केल्या. आणि शेवटी बाबा बेवारसासारखे रस्त्यावर गेले. पाठवणारे हा मजकूर श्रद्धेने पाठवतात, याबद्दल मला शंका नाही. परंतु या चार वाक्यांनी एका मोठ्या कारभारी माणसाचे अर्धे आयुष्य पुसले जाते, म्हणून त्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

बाबांना लिहिता-वाचता येत नव्हते, हे मान्य. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 साली परिटाच्या घरी जन्मलेला देबूजी वडिलांच्या अकाली मृत्यूनंतर मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाकडे वाढला. तिथे त्याने गुरे राखली, शेती केली, आणि सावकाराच्या कर्जापायी मामाची जमीन जाताना उघड्या डोळ्यांनी पाहिली. सावकार शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा देबूजी नांगर सोडून हटला नाही, हा प्रसंग आमच्या भागात आजही सांगितला जातो. एका कागदावरचा अंगठा घरादाराचे काय करू शकतो, हे ज्याने तरुणपणीच पाहिले, त्याला व्यवहार कळत नव्हता असे म्हणणे धाडसाचे आहे. पुढे बाबा प्रत्येक कीर्तनात कर्ज काढू नका आणि मुलांना शाळेत घाला असे कळवळून सांगत राहिले, त्याचे मूळ मला दापुऱ्याच्या त्या शेतात दिसते.

झाडूबद्दल बोलायचे तर 2000-01 पासून राज्य शासनाने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवले. त्या अभियानाने आमच्या गावांचे भले झाले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. पण भिंतीभिंतीवर रंगवलेल्या चित्रांतून नव्या पिढीच्या मनात बाबांच्या हाती झाडू तेवढा उरला. प्रत्यक्षात झाडू ही कामाची सुरुवात असे. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे पौषातल्या रविवारी यात्रा भरते. तिथल्या चिखलात यात्रेकरू घसरत, हे पाहून बाबांनी आधी स्वतः वाट नीट केली आणि पुढे 1908 मध्ये तिथे घाट उभा राहिला. 1905 च्या 1 फेब्रुवारीला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, घर सोडलेल्या माणसाने तीन वर्षांत नदीवर घाट उभा करणे, याला माणसे, दगड, चुना आणि पैसा वेळेवर एका जागी आणण्याची हातोटी लागते.

त्यानंतरच्या बांधकामांकडे पाहिले म्हणजे प्रत्येक इमारत कोणासाठी, याचा किती नेमका विचार झाला होता हे ध्यानात येते. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना डोके टेकायला जागा मिळत नसे, म्हणून 1917 मध्ये तिथे चोखामेळा धर्मशाळा झाली. आळंदी, देहू आणि नाशिक येथेही धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण आणि विद्यालय निघाले. 1954 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळ जी धर्मशाळा झाली, ती तर रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. उपचारासाठी मुंबईला जाणाऱ्या गरिबाचा रोगी आत खाटेवर आणि बरोबरचे माणूस बाहेर फुटपाथवर, ही अडचण देवस्थानांच्या पलीकडे जाऊन पाहणारा माणूस मला उत्तम प्रशासक वाटतो.

संदेशातला सर्वांत मोठा गैरसमज श्रीमंतांविषयी आणि शिष्यांविषयी आहे. पैसा लोकांनी दिला, यात वाद नाही. बाबांकडे एक गाडगे, एक काठी आणि अंगावरच्या चिंध्या यांखेरीज काही नव्हतेच. परंतु पैसा देणे आणि संस्था उभी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणती जागा घ्यायची, तिथे कोणी राहायचे, जातीपातीवरून कोणाला अडवायचे नाही आणि इमारतीची मालकी कोणाकडे ठेवायची, यावर बाबांची पकड होती. शिष्यांचे म्हणाल तर, आपण कोणाचे गुरू नाही आणि आपल्याला कोणी शिष्य नाही, हे बाबा सतत सांगत. पाया पडू देत नसत. याचा कारभारावर झालेला परिणाम आपण पुरेसा लक्षात घेत नाही. जिथे शिष्य नाहीत तिथे गादी नसते, आणि जिथे गादी नसते तिथे वारसाचे भांडण लावायला जागा राहत नाही. उत्पन्न आणि इमारती बाबांनी विश्वस्तांच्या हाती सोपवल्या आणि त्यांवर आपल्या रक्ताच्या नातेवाइकांचा कसलाही हक्क राहणार नाही, अशी तजवीज करून ठेवली. पत्नी कुंताबाई आणि मुली यांच्यासाठी हा निर्णय फार कठोर होता. तो लिहिताना माझाही हात अडखळतो. तरी विदर्भातल्या कितीतरी मठांच्या जमिनी घरच्या वाटण्यांत गेल्याचे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या कठोरपणाचे कारण समजावून सांगावे लागणार नाही.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ज्या इमारतीसाठी गावोगाव कीर्तने केली, तिचा अधिक चांगला उपयोग विद्यार्थ्यांसाठी दुसरी संस्था करील हे ओळखून ती हातावेगळी करणे, हा पूर्ण विचारांती घेतलेला कारभाराचा निर्णय आहे. 8 फेब्रुवारी 1952 रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली, तीही अशाच दूरदृष्टीने. बाबांचे वय तेव्हा शहात्तरीला आले होते आणि ठिकठिकाणी विखुरलेल्या कामाला आपल्या माघारी एक धनी हवा, हे त्यांनी वेळेत ओळखले. दादरच्या धर्मशाळेत आज बाहेरगावचे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात, ते याच नावाच्या आश्रयाला.

शेवटचा मुद्दा थोडक्यात सांगतो. बाबा बेवारसासारखे गेले नाहीत. 20 डिसेंबर 1956 रोजी प्रकृती खालावलेली असताना त्यांना गाडीतून अमरावतीकडे नेले जात होते आणि सोबत त्यांची माणसे होती. वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी प्राण सोडला. अमरावतीच्या ज्या भागात त्यांची समाधी झाली, त्याला आज गाडगेनगर म्हणतात. त्या दिवशी मिशनला पाच वर्षे पूर्ण होत आली होती, आणि पंढरपूरपासून मुंबईपर्यंतच्या एकाही धर्मशाळेवर घरच्या कोणी हक्क सांगावा अशी सोय बाबांनी ठेवलेली नव्हती.